मूत्रपिंडाची साक्ष

१

युसूफ वडगावच्या चारा छावणीत भर दुपारी सभा चालली होती. वच्छलाबाई बोलता बोलता थांबल्या, जावेनं पाठवलेलं ताक प्यायल्या आणि जरा टेकायचं म्हणून बाजेवर बसल्या. सभा उठली तेव्हा त्याही उठायला गेल्या, तर पाय उचलेनात. पदर सावरायला हात वर केला, तो अर्ध्यातूनच मांडीवर पडला.

"भारत," लेकाला त्यांनी हाक मारली, "मला कुनीतरी दाव्यानं बांधून ठिवल्यागत झालंय."

भारतला आधी वाटलं, आई थट्टा करतेय. मग त्यानं तिचा हात धरून उचलला आणि सोडला. ओल्या चिंधीसारखा तो खाली आला. शुद्ध पूर्ण होती, बोलणं स्पष्ट होतं, दुखत कुठंच नव्हतं. फक्त अंगातली ताकद कुणी काढून नेल्यासारखी गेली होती.

वच्छलाबाई गावच्या महिला दूध संस्थेच्या अध्यक्षा. त्या वर्षी मांजरा धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि केजच्या बाजारात दुभत्या म्हशी कवडीमोलानं जात होत्या. अशा वेळी या बाईनं संस्थेच्या बायका गोळा केल्या, तहसीलच्या पायऱ्या झिजवून छावणी मंजूर करून घेतली, आणि आजूबाजूच्या गावांत एकच सांगत सुटली: पाऊस आज ना उद्या येईल, पण विकलेली म्हैस काही परत येत नाही. जनावरांच्या खुरांनी उठलेल्या धुरळ्यानं छावणीतल्या साऱ्यांचे घसे बसले होते. वच्छलाबाई मात्र उजाडल्यापासून बोलत असत, आणि त्यांचा आवाज शेवटच्या दावणीपर्यंत खणखणीत पोचत असे. लोकांना त्याचं मोठं कौतुक होतं.

बाजेसकट त्यांना पिकअपमध्ये चढवताना भारतची नजर ताकाच्या पेल्यावर गेली. पेला केसरबाईच्या घरचा होता. केसरबाई म्हणजे वच्छलाबाईंची थोरली जाऊ, भारतची मोठीमाय. संस्थेच्या निवडणुकीत त्या धाकट्या जावेकडून हरल्या होत्या, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. तरी गेल्या काही दिवसांपासून केसरबाईंकडून रोज दुपारी ताक येऊ लागलं होतं. का येतं, ते कुणी विचारलं नव्हतं.

भारतनं पेला उचलून सगळ्यांपुढं धरला.

"मोठीमायनं ताकात घातलं," तो म्हणाला.

छावणीतल्या शंभर कानांनी ते ऐकलं, आणि पिकअप केजला पोचायच्या आधी ती गोष्ट गावभर झाली होती.

२

केजच्या दवाखान्यात डॉक्टर सरस्वती मिसाळ होत्या. तालुक्यात त्यांना सगळे सरस्वतीबाईच म्हणत. मूळच्या तलवाड्याच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. शिकून मोठ्या झाल्या आणि शहरातली चांगली जागा सोडून इकडं आल्या. त्यांची एक सवय होती: रोगी बोलत असला की मध्ये तोडायचं नाही, आणि रोगी बोलायचा थांबला की त्याच्या अंगाला विचारायचं.

वच्छलाबाईंना पाहताच त्यांनी हृदयाचा आलेख काढायला सांगितलं. आलेखातली रेघ बघून त्यांचा चेहरा गंभीर झाला. रक्त तपासायला पाठवतानाच त्या नर्स भिवराबाईंना म्हणाल्या, "सलाईन लावायच्या आधी लघवीचा नमुना घ्या. आत्ताचा, हाच. एकदा औषध आत गेलं की साक्षीदार फितूर होतो."

भिवराबाईंना त्यातलं फारसं कळलं नाही, पण सलाईनची तयारी होईपर्यंत त्यांनी नमुना घेऊन ठेवला.

रक्ताचा निकाल लगेच आला. रक्तातलं पोटॅशियम साडेतीनच्या वर असायला हवं, ते दोनच्याही खाली उतरलं होतं. आणखी उतरलं असतं तर हृदयच थांबलं असतं. सरस्वतीबाईंनी सलाईनमधून पोटॅशियम हळूहळू सोडायला सुरुवात केली आणि स्वतः खुर्ची ओढून आलेखाच्या यंत्रासमोर बसून राहिल्या. हे औषध घाईनं दिलं तर तेच जीव घेतं. संध्याकाळ व्हायच्या सुमारास वच्छलाबाईंनी बोटं हलवली.

बाहेर बाकावर त्यांचे यजमान मोहनराव बसले होते. अबोल, किडकिडीत माणूस. बायको संस्थेच्या कामाला लागल्यापासून घरातली चूल त्यांनी सांभाळली होती, आणि त्यावरून पारावर होणारी थट्टा निमूट ऐकून घेतली होती. त्यांच्या शेजारी पोलीस जमादार सुंदरराव उभे होते. भारतनं तक्रार दिली होती.

"बाई, इख कोनतं हाय तेवढं सांगा," सुंदरराव म्हणाले. "बाकीचं मी बघतो."

"विष आहे की नाही तेच मला माहीत नाही," सरस्वतीबाई म्हणाल्या. मग त्यांनी जमादारांना समजेल असं सांगितलं. पोटॅशियम अंगातून कमी व्हायच्या वाटा मोजक्या. पोटात अन्नच जात नसेल. जुलाब-उलट्यांतून वाहून गेलं असेल. रक्तातून निघून मांसपेशींत लपून बसलं असेल. नाहीतर लघवीवाटे जात असेल. यातली कोणती वाट, हे मूत्रपिंड सांगतं.

"दुष्काळात घरची कारभारीण काय करते?" त्यांनी विचारलं. "कणगी तळाला गेली की मूठ आवळते. मूत्रपिंडही तसंच आहे. रक्तात पोटॅशियम कमी झालं की ते लघवीत सोडायचं बंद करतं. आता ह्या बाईंच्या लघवीत पोटॅशियम अगदी थोडं निघालं, तर मूत्रपिंड इमानदार, चोर दुसरीकडं. पण एवढी टंचाई असताना लघवीत ते भरपूर निघालं, तर समजायचं की कारभारणीलाच कुणीतरी भुलवलंय."

"मग काय निगालं?"

"नमुना आंबेजोगाईच्या प्रयोगशाळेत पाठवलाय. तोवर कुणाला हात लावू नका."

सुंदररावांनी मान डोलावली. पण जाता जाता सांगून गेले की छावणीतल्या बायकांनी केसरबाईचं दूध संस्थेत घ्यायचं बंद केलंय, आणि तिच्या म्हशी छावणीबाहेर काढायचं चाललंय.

बाहेरचं अन्न वच्छलाबाईंना द्यायचं नाही, दवाखान्यातलंच जेवण आणि दवाखान्याचंच दूध, असा हुकूम सरस्वतीबाईंनी काढला. भिवराबाईंनी तो काटेकोर पाळला. घरून आलेला भाकरीचा डबा त्यांनी न उघडता परत पाठवला.

३

दुसऱ्या दिवशी रोगी जरा सावरल्यावर सरस्वतीबाई स्वतः छावणीवर गेल्या. केसरबाई सगळ्यांपासून लांब, आपल्या दोन म्हशींजवळ बसल्या होत्या. आजूबाजूच्या दावणी रिकाम्या होत्या. शेजारणींनी आपली जनावरं हलवली होती.

डॉक्टरीण आलीय म्हटल्यावर त्या उठल्या नाहीत. रडल्याही नाहीत. ताकात मीठ आणि जिऱ्याशिवाय काही नव्हतं, म्हणाल्या. निवडणुकीचा राग होता का, यावर सरळ सांगितलं की होता. सासरी ती पाठीमागून आली, आणि बायकांनी थोरलीला सोडून धाकटीला निवडलं, हे मनाला लागलं होतं.

"मग ताक का पाठवत होता?"

केसरबाईंनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला.

"हितं बसून रोज बघत हुते," त्या म्हणाल्या. "समद्यांच्या जनावरांना खाऊ घालती, आन् सोता उपाशी बोलती. माझ्या म्हशी बी तिच्यामुळंच जित्या हायेत. बोलायला जीभ उचलत न्हवती, म्हनून ताक पाठवलं."

सरस्वतीबाईंना बाई खोटं बोलतेय असं वाटलं नाही. पण वाटण्यावर त्यांचा फार विश्वास नव्हता.

दुसरा संशय धुळाजीवर होता. धुळाजी मेंढपाळ. छावणी फक्त गाई-म्हशींची, म्हणून त्याची मेंढरं हौदावरून हाकलली गेली होती, आणि तो सगळ्यांदेखत वच्छलाबाईंना 'बघून घेतो' म्हणाला होता. सरस्वतीबाई त्याच्याशी मेंढरांच्या नावांपासूनच बोलायला लागल्या, तेव्हा त्याचा ताठा उतरला.

भांडण झालं होतं हे त्यानं कबूल केलं. पण दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईंनीच त्याला बोलावून घेतलं होतं. गाई-म्हशींचं पिऊन झालं की हौदाच्या तळाचं पाणी मेंढरांना पाजत जा, असं सांगितलं होतं, आणि कुणी आडवं आलं तर माझं नाव घे, म्हणाल्या होत्या.

"त्या माऊलीचं वाईट मी कशापायी चिंतू?" तो म्हणाला. "उलट मी बायकांना म्हनलो हुतो, बाईकडं बघा, तिला चालवंना. हौदाच्या चढाला मधीच बसायची. पाय वढत चालायची."

"कधीपासून?"

धुळाजीनं आठवून सांगितलं. छावणी रंगात आल्यापासून, थंडी सरताना. केसरबाईंचं ताक यायला लागलं ते त्यानंतर कितीतरी दिवसांनी.

सरस्वतीबाई विचार करत परत निघाल्या. पायांतली ताकद ताकाच्या आधीच जायला लागली असेल, तर ताकाचा दोष कसा? पण मेंढपाळाच्या एका आठवणीवर एका बाईची सुटका होत नाही, आणि जमादार तर तेवढ्यावर मुळीच थांबणार नव्हते.

दवाखान्यात पोचल्या, तर आंबेजोगाईहून निरोप आला होता.

४

लघवीत पोटॅशियम भरपूर होतं.

एका वेळच्या लघवीवर सरस्वतीबाई कधी भुलत नसत. लघवी पातळ असली तर त्यात सगळंच कमी दिसतं, दाट असली तर सगळंच जास्त. म्हणून मूत्रपिंड रोज ठरल्या मापानं बाहेर टाकतं ते क्रिएटिनिनही त्यांनी मोजायला सांगितलं होतं आणि दोन्हींचा मेळ घालून पाहिला. शंकेला जागा उरली नाही. अंगात टंचाई पडलेली असताना मूत्रपिंड दोन्ही हातांनी पोटॅशियम बाहेर टाकत होतं.

म्हणजे पोट बिघडलं नव्हतं, उपासमारीनंही एवढं झालं नव्हतं, आणि पोटॅशियम पेशींत लपूनही बसलं नव्हतं. मूत्रपिंडाला कुणीतरी भुलवलं होतं.

"लघवीवाटे पोटॅशियम घालवनारं काही औषध आस्तंय का?" सुंदररावांनी विचारलं.

सरस्वतीबाई खोटं बोलू शकत नव्हत्या. "असतं," त्या म्हणाल्या. "हृदयाच्या रोग्याला सूज उतरायला पाण्याची गोळी देतात. लघवी जास्त होते, आणि त्याबरोबर पोटॅशियमही जातं."

जमादारांनी खिशातून गोळ्यांचं एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. केसरबाईचे यजमान आप्पाराव हृदयाचे रोगी होते. हे पाकीट त्यांच्याच घरातलं, ताक घुसळायच्या खोलीतल्या फळीवर सापडलेलं.

सरस्वतीबाईंनी नाव वाचलं. पाण्याचीच गोळी होती.

दारात भारत उभा होता. तो भिंतीला टेकून खाली बसला. इतका वेळ रागानं बोलणाऱ्या त्या पोराला आता आपला संशय खरा निघाला याचंच रडू आलं. लहानपणी मोठीमायच्याच कडेवर तो वाढला होता.

"आज सांजंपर्यंत तिला ताब्यात घेतो," सुंदरराव म्हणाले.

सरस्वतीबाईंनी त्यांना अडवलं नाही. त्या दुपारी त्यांनाही तसंच वाटलं होतं.

५

सरस्वतीबाईंना अडवलं ते वच्छलाबाईंच्या पायांनी.

रोजची तपासणी करायला त्या खाटेजवळ गेल्या. भिवराबाई वच्छलाबाईंच्या पायांतली जोडवी तेल लावून काढत होत्या. जोडवी बोटांत रुतली होती. सरस्वतीबाईंनी घोट्याच्या वर अंगठा दाबला, तर तिथं खळगा पडला आणि तसाच राहिला. अंगावर सूज होती. थोडी, पण होती.

पाण्याची गोळी पोटात जात असती तर हे पाय सुकलेल्या खारकेसारखे झाले असते.

त्यांनी रक्तदाब पुन्हा मोजला. आल्या दिवशी तो जास्त भरला होता, तेव्हा घाबरल्यामुळे असेल असं धरून त्यांनी मनात बाजूला ठेवला होता. आजही तो तेवढाच चढलेला होता. दुसऱ्या हाताला मोजला, तरी तेच. पाण्याच्या गोळीनं रक्तदाब उतरतो, चढत नाही. आणि या बाईला आधी कधी रक्तदाब नव्हता.

सरस्वतीबाई तिथंच स्टुलावर बसल्या आणि पहिल्यापासून विचार करू लागल्या. पोटॅशियम बाहेर जातंय, आणि मीठ-पाणी अंगात साठतंय. मूत्रपिंड एका हातानं टाकतंय, दुसऱ्या हातानं राखतंय. हे आपोआप होत नाही. मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेली एक ग्रंथी असा हुकूम पाठवते, तेव्हाच ते असं वागतं. एकतर त्या ग्रंथीत गाठ असेल, नाहीतर तसाच खोटा हुकूम कुणीतरी बाहेरून पाठवत असेल.

त्यांनी ग्रंथीच्या हुकमाची तपासणी करायला रक्त पुण्याला पाठवलं. मग जमादारांना फोन लावून केसरबाईला आणू नका म्हणून सांगितलं. सुंदरराव कुरकुरले. पुरावा हातात असताना बाई मागं का फिरतात, हे त्यांना कळेना.

"पुरावा माझ्याही हातात आहे," सरस्वतीबाई म्हणाल्या. "गोळीनं सुजणारे पाय मी अजून पाहिलेले नाहीत."

संध्याकाळी रक्ताचा दुसरा निकाल आला. पोटॅशियम पुन्हा उतरलं होतं. सलाईन चालू, तोंडानं औषध चालू, ताक बंद, बाहेरचं अन्न बंद. तरी एका वाटेनं भरावं आणि दुसऱ्या वाटेनं गळून जावं, तसं होत होतं. लघवीतही ते तितकंच जात होतं.

खोटा हुकूम देणारा जो कोणी होता, तो आता या दवाखान्यात, या खोलीत येऊन पोचला होता.

६

खोलीत येणारी माणसं तीनच. भिवराबाई, भारत आणि मोहनराव.

तिघांनाही सरस्वतीबाईंचं आधीच विचारून झालं होतं. वच्छलाबाई काय खातात, काय पितात, कोणतं औषध घेतात. तिघांचीही उत्तरं सारखी होती. दवाखान्याचं जेवण, दूध, तुमच्या गोळ्या. बाकी काही नाही. तिघंही खरं सांगत होते, यातच सारी अडचण होती.

त्या वच्छलाबाईंजवळ जाऊन बसल्या. बाई छावणीचीच चौकशी करत होत्या. टँकर आला का, तळाचं पाणी मेंढरांना मिळतं का, केसरबाईच्या म्हशींना चारा कुणी टाकला का. केसरबाईचं नाव घेताना त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. आवाज तर आजारात असूनही असा की व्हरांड्यातला माणूस वळून बघावा.

सरस्वतीबाईंना छावणीतले ते सगळे बसलेले घसे आठवले. केसरबाई घोगऱ्या बोलल्या होत्या. धुळाजी खोकत होता. त्या स्वतः अर्धा दिवस तिथं काढून आल्या, तर त्यांचाही घसा धरला होता. आणि ही बाई महिनोन्‌महिने त्या धुरळ्यात ओरडून बोलत होती.

"वच्छलाबाई," त्यांनी विचारलं, "तुमचा आवाज कसा बसला नाही?"

वच्छलाबाई हसल्या. पहिल्यांदाच हसल्या.

"ते आमच्या ह्यांचं काम हाय," त्या म्हणाल्या.

मोहनराव कोपऱ्यात उभे होते. बायकोनं चारचौघांत केलेल्या कौतुकानं ते लाजले. सरस्वतीबाईंनी त्यांना बसवून घेतलं आणि सवडीनं विचारलं. तेव्हा हा अबोल माणूस कधी नव्हे तो बोलू लागला. पौषात एका सभेत तिचा आवाज बसला, आणि सभा हातातून गेली. त्याच दिवशी त्यांनी केजच्या काष्ठौषधीच्या दुकानातून ज्येष्ठमध आणला. त्याचा काढा रोज पहाटे उकळायचा, थर्मासात भरून द्यायचा, आणि चघळायला एक काडी पदराला बांधून द्यायची. आवाज मोकळा झाला. मग धुरळा वाढला तसा त्यांनी ज्येष्ठमधही वाढवला. आता तर पातेलं अर्धं काड्यांनीच भरतं, हे त्यांनी अभिमानानं सांगितलं.

"मला सभंत बोलता येत न्हाई," ते म्हणाले. "म्हनलं, जी बोलती तिचा गळा तरी राखावा."

"आणि इथं?"

मोहनरावांनी पिशवीतून थर्मास काढला. भिवराबाईंनी तो रोज पाहिला होता आणि त्यात गरम पाणी आहे असं समजून सोडून दिला होता. अन्न नव्हे, औषध नव्हे, घशाचा काढा. तो कुणाच्या उत्तरात कशाला येईल?

सरस्वतीबाईंनी झाकणात थोडा ओतून जिभेवर घेतला. साखर नव्हती, तरी गोड होता, आणि गिळल्यावरही तो गोडवा जिभेवरून हलेना.

त्यांनी थर्मास आपल्याजवळ घेतला. मग भारतला औषध आणायला पाठवलं, भिवराबाईंना बाहेर जायला सांगितलं, आणि नवरा-बायको दोघांनाच समजावून सांगितलं. ज्येष्ठमध चिमूटभर घेतला तर घशाला चांगला. पण पातेलंभर काढा महिनोन्‌महिने पोटात गेला, की त्यातलं सत्त्व मूत्रपिंडाला फसवतं. ग्रंथीचा हुकूम आलाय असं समजून ते पोटॅशियम टाकत राहतं आणि मीठ-पाणी धरून ठेवतं. पाय जड होतात, दाब चढतो, आणि एक दिवस माणूस जागचा उठत नाही.

मोहनराव ऐकत होते. ते स्वतःच्या हातांकडं बघत राहिले.

"म्हंजी मी," ते म्हणाले.

"तुम्ही तिला विष दिलं नाही," सरस्वतीबाई म्हणाल्या. "तुम्ही तिचा आवाज राखलात, आणि त्या आवाजानं एवढी जनावरं वाचली. हेही तितकंच खरं आहे. पण हा काढा आजपासून बंद."

वच्छलाबाईंनी हात उचलला. तो अजून थरथरत होता, पण उचलला गेला. त्यांनी तो नवऱ्याच्या मनगटावर ठेवला.

"गोड हुता," एवढंच त्या म्हणाल्या.

७

काढा बंद झाला, तरी त्याचा अंमल एकदम गेला नाही. पण हळूहळू लघवीतलं पोटॅशियम कमी होत गेलं, मूत्रपिंडानं पुन्हा मूठ आवळली, आणि रक्तात घातलेलं रक्तात टिकायला लागलं. सूज उतरली, दाब उतरला. वच्छलाबाई आधी उठून बसल्या, मग खाटेला धरून उभ्या राहिल्या.

पुण्याचा निकालही आला. ग्रंथीत गाठ असती तर तिचा हुकूम रक्तात भरपूर दिसला असता. तो जवळजवळ नव्हताच. ग्रंथी मुकाट बसली होती, आणि तरी मूत्रपिंड हुकूम पाळत होतं. हुकूम बाहेरून आला होता, हे कागदोपत्री पक्कं झालं.

जमादार सुंदररावांनी गोळ्यांचं पाकीट केसरबाईच्या घरी परत नेऊन दिलं. सरस्वतीबाईंनी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती त्यांनी वाटेत भेटेल त्याला सांगितली. ताकात पोटॅशियम असतं. एवढ्या गळतीपुढं ते थोडकंच, पण उपाशी बोलणाऱ्या त्या बाईच्या अंगात दिवसाकाठी जे काही थोडं पडत होतं, त्यात जावेच्या ताकाचा वाटा होता.

तरी गावातली कुजबूज पुरती थांबली नाही. केसरबाईचं दूध अजून कुणी घेत नव्हतं. चूक झाली हे कळत होतं, पण पहिल्यांदा कुणी बोलायचं, यावर सगळं अडलं होतं. झाला प्रकार छावणीवर येऊन मी सांगते, असं सरस्वतीबाई म्हणाल्या. मोहनराव नको म्हणाले.

वच्छलाबाई घरी आल्यावर पहिली सभा भरली. भारतनं आईला धरून आणलं आणि बाजेवर बसवलं. सरस्वतीबाई मुद्दाम केजहून आल्या होत्या आणि बायकांमध्येच बसल्या होत्या. केसरबाई सगळ्यांच्या मागं होत्या. सगळ्यांना वाटलं, आता वच्छलाबाई बोलतील. पण उठले मोहनराव.

त्यांना बोलायची सवय नव्हती. शब्द सापडत नव्हते, आवाज पुढच्या रांगेपलीकडं जात नव्हता. तरी त्यांनी सगळं सांगितलं. ज्येष्ठमध कुठून आणला, किती घातला, कुणी उकळला. शेवटी म्हणाले, "वैनीचा काई गुन्हा न्हाई. हिला पाडली ती मी. तुमाला कुनाला वाळीत टाकायचं आसंल, तर मला टाका."

मोहनराव हात जोडून उभे राहिले.

केसरबाई मागून पुढं आल्या.

"भावजी, तुमी खाली बसा," त्या म्हणाल्या. "तुमी मायेनं केलं. मायेनं चुकलेल्याला कुनी सजा देत न्हाई." मग त्या सभेकडं वळल्या. "पर इच्यारल्याबिगर मला ज्यांनी ज्यांनी इखारी ठरवलं, त्यांनी तेवढं उभं ऱ्हावं. मला त्यांची तोंडं बघायची हायेत."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग भारत उठला. मान खाली घालून उभा राहिला. त्याच्यामागं एक बाई उठली, दुसरी उठली, दावणी हलवणाऱ्या शेजारणी उठल्या. डॉक्टर सरस्वतीबाईही उठल्या, कारण एका दुपारपुरतं त्यांनीही तसं मानलं होतं. बघता बघता सारी सभा उभी होती, आणि बसलेले होते ते फक्त वच्छलाबाई आणि मोहनराव.

केसरबाईंनी एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली. भारतजवळ येऊन त्या जास्त वेळ थांबल्या. मग त्यांनी त्याच्या डोक्यावर एक टपली मारली, लहानपणी मारायच्या तशी, आणि धाकट्या जावेशेजारी बाजेवर जाऊन बसल्या.

"बसा आता," त्या म्हणाल्या. "अध्यक्षीणबाईला बोलू द्या."